चिखलाचे दात

सरांच्या चष्म्याच्या डबीत चष्मा कधीच नसायचा. तो शर्टाच्या खिशात किल्ल्या आणि पेनाबरोबर घासत राहायचा, आणि मखमली अस्तराच्या डबीत एक काळा दगड झोपलेला असायचा. त्यामुळे सर वर्तमानपत्र ओरखड्यांमधून वाचत. काकींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, यावरून बोलणं सोडून दिलं होतं. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "चष्म्याची काच खराब झाली तर दुसरी मिळते. ही काच कुठून आणू?"

तो दगड म्हणजे काच आहे हे मला तेव्हा कळलं.

वसईजवळच्या जूचंद्रला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही चार वर्षं भाड्याने राहिलो. जागा बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी बाबांना नोकरी विचारली नाही, आडनाव विचारलं नाही, मासे चालतात का तेही विचारलं नाही.

"मूळ गाव कुठलं?"

बाबांनी सांगितलं.

"तिथली माती कोणत्या रंगाची?"

बाबा डोंबिवलीत वाढलेले. ते आईकडे बघायला लागले. "काळी असावी," आई म्हणाली.

"असावी म्हणजे? बघितलीत की वाचलीत?"

"बघितली," आई जरा चिडून म्हणाली. "लहानपणी सुट्टीत जायचे. पायाला चिकटायची, निघायची नाही."

"मग या राहायला," सर म्हणाले.

'बघितलं की वाचलं' हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. भाजी महागली म्हणणाऱ्या शेजाऱ्याला, पाऊस लांबणार म्हणणाऱ्या रिक्षावाल्याला, आणि त्यांना मधुमेह आहे असं सांगणाऱ्या डॉक्टरलासुद्धा. डॉक्टरने रिपोर्ट पुढे केला. "म्हणजे वाचलं," सर म्हणाले, पण गोळ्या सुरू केल्या.

वसईतल्या एका शाळेत त्यांनी सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला होता आणि निवृत्तीनंतरही तो घरातून गेलेला नव्हता. आमच्या घरातली कुठलीही वस्तू त्यांच्या लेखी उजवीकडे किंवा डावीकडे नसायची. मीटर जिन्याच्या नैर्ऋत्येला, आमच्या चपला दाराच्या ईशान्येला. पाणी सोडण्याची वेळ ते खालून ओरडून सांगत आणि तिच्याबरोबर खाडीच्या भरतीची वेळही सांगत. मी पहिले काही महिने दोन्ही वेळांना बादल्या भरून ठेवल्या. विचारायचा संकोच वाटायचा. शेवटी काकींनीच मला हाक मारून सांगितलं, "गो, दुसरा टायम खाडीचा असतो. तो आपल्या नळाला नाय लागत."

सर बाहेरच्यांशी शुद्ध बोलत आणि काकींशी घरच्या बोलीत. वरच्या मजल्यावर आम्हाला दोन्ही ऐकू यायचं. मी इंग्रजी शाळेतली. मला त्यातलं पहिलं अर्धं कळायचं, आणि दुसरं बोलण्यातल्या रागावरून.

दगडाची गोष्ट अशी. सरांचा मावसभाऊ बोटीवर कामाला होता. थायलंडच्या कुठल्याशा बंदरात त्याने हा दगड विकत घेतला आणि सरांना भेट म्हणून आणला. अंगठ्याएवढा लांब, दोन्ही टोकांना फुगीर आणि मध्ये बारीक, डमरूला दोन्ही बाजूंनी ओढावं तसा. काळाभोर, पण उन्हात धरला की कडेला तपकिरी उजेड यायचा. आणि सगळ्या अंगावर खळगे. काही मसुराएवढे, काही टाचणीच्या टोकाएवढे, मधूनच नखाने ओढल्यासारखे चर. बोट फिरवलं की वाटायचं, या दगडाला कधी तरी देवी आल्या होत्या. अशा काचेला टेक्टाइट म्हणतात.

"हा आकाशातून आलाय?" मी पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारलं. त्यांच्याशी बोललेलं माझं हे बहुतेक दुसरं वाक्य.

"सगळे तेच विचारतात," सर खूश होऊन म्हणाले. "आकाशातून आला तो दुसरा. हा इथलाच."

मग त्यांनी काकींना गूळ मागितला. काकी म्हणाल्या, "कालच्या पोरांना दाखवलान ना? रोज एक ढेप लागते काय तुमच्या दगडाला?" तरीही दिला. सरांनी अंगणातल्या चुलीवर घट्ट पाक केला, पळी बुडवली आणि अंगणभर पसरलेल्या केळीच्या पानांवर हात गोल फिरवून झटकली. पाक हवेत उडाला, थेंब सुटे झाले आणि पानांवर पडेपर्यंत आळत आले. आम्ही वाकून बघितलं. गोल गोळ्या होत्या. शेपटी असलेले थेंब होते. दोन गोळे मध्ये एका धाग्याने जोडलेले होते.

"आठ लाख वर्षांपूर्वी," सर म्हणाले, "एक प्रचंड मोठी उल्का तिकडे पूर्वेला आदळली. जिथे आदळली तिथली माती, वाळू, खडक एका क्षणात वितळलं. माझी ही पळी झटकली ना, तसं ते वर फेकलं गेलं. कुठल्या कुठे, हजारो मैल. उडता उडता थेंब गरगरले, ताणले गेले, गार झाले आणि काच होऊन खाली पडले. म्हणजे ही पृथ्वीचीच माती आहे, फक्त एकदा उडून आलेली."

"आणि आदळली ती जागा?"

"खड्डा नेमका कुठे आहे यावर अजून एकमत नाही." ते हे इतक्या आनंदाने म्हणाले, जणू खड्डा त्यांनीच लपवून ठेवला होता.

पाकाचे थेंब गल्लीतल्या मुलांनी खाल्ले. मधुमेह असल्यामुळे सरांनी खाल्ले नाहीत. एक शेपटीवाला थेंब मात्र त्यांनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता.

टेक्टाइट भूगोलाच्या पुस्तकात नव्हते. पण दरवर्षी एक तास सर पुस्तक मिटायचे आणि वर्गात हा दगड फिरवायचे. आकार कसा झाला ते सांगायचे, मग खळगे कशाने पडले ते सांगायचे. खळगे हवेने पडले, असं ते सांगत. काच मऊ असताना जोरात हवेतून आली, हवेने तिला बोटं लावली, त्या बोटांचे हे ठसे. सत्तावीस वर्षं, दरवर्षी चार तुकड्या.

निवृत्तीनंतर त्यांना या दगडाबद्दल मिळेल ते सगळं वाचायचं होतं, पण ते सगळं इंग्रजीत होतं आणि चष्म्याला ओरखडे. म्हणून मी वाचून दाखवायला लागले. रविवारी दुपारी, खालच्या ओटीवर, माझ्या फोनवरून. आधी इंग्रजी वाक्य, मग मला जमेल तसं मराठी. मी घरीसुद्धा हळू बोलणारी. सरांनी मला मोठ्याने बोल असं कधी सांगितलं नाही. ते खुर्ची पुढे ओढून बसत. महिन्याभराने लक्षात आलं की खुर्ची परत मूळच्या जागी गेली होती.

अशाच एका रविवारी मी वाचलं की या खळग्यांचा आणि चरांचा उड्डाणाशी फारसा संबंध नाही. काच मातीत पडून राहिली आणि जमिनीतल्या आंबट पाण्याने ती हजारो, लाखो वर्षं कुरतडली. खळगे त्याचे आहेत.

"परत वाच," सर म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, आणि मग पुढचं. पुढे लिहिलं होतं की ऑस्ट्रेलियात बटनासारखे तुकडे सापडतात. ते वर जाऊन पुन्हा वातावरणात शिरताना त्यांचा पुढचा भाग दुसऱ्यांदा वितळला आणि त्यांना भोवती कडा आली. तेवढं काम मात्र खरोखर हवेचं.

"ते मी वाचलं होतं," सर हळूच म्हणाले. "एका जुन्या मासिकात. ऑस्ट्रेलियाचं. ते मी याला लावलं." त्यांनी डबी उघडली. "हा रोज माझ्या हातात होता. मी वाचलं, बघितलं नाही."

काकी आतून म्हणाल्या, "झालं काय एवढं? कोन मेलं काय?"

"चुकीचं शिकवलं," सर म्हणाले.

"मग पुस्तकवाल्यांना लिहा."

"पुस्तकात असतं तर त्यांची चूक होती. हे पुस्तकात नव्हतं. ही माझी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून वर्गांच्या याद्यांच्या जुन्या वह्या काढल्या. सगळे विद्यार्थी सापडणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. पण जे सापडतील त्यांना ते स्वतः जाऊन सांगणार होते. फोनवर नाही. "मी शिकवलं ते समोर उभं राहून," ते म्हणाले. माझ्याकडे स्कूटर होती आणि कॉलेजला सुट्टी होती. काकी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "लोक देवाला जातान, हे चूक सांगाला जातान." पण आम्हाला दोघांनाही पाण्याच्या बाटल्या दिल्या.

पहिले आम्ही फुलपाड्याला गेलो. तिथे त्यांच्या एका विद्यार्थ्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. तो धावत बाहेर आला, पाया पडला, खुर्ची दिली आणि घाबरून बघायला लागला. त्याला वाटलं कोणी तरी गेलं. सरांनी डबी उघडली आणि सगळं सांगितलं, ऑस्ट्रेलियासकट. तो पक्कड हातात धरून शांतपणे ऐकत होता.

"सर, खरं सांगू? मला भूगोलात बत्तीस होते. तुम्ही चुकीचं शिकवलेलंसुद्धा मला येत नव्हतं."

"मग आता बरोबर शीक," सर म्हणाले आणि त्याच्याकडून ते पाठ म्हणून घेतलं. दोन गिऱ्हाइकं तेवढा वेळ थांबली.

नायगावला नव्या टॉवरच्या ऑफिसात फ्लॅट दाखवणारा एक विद्यार्थी होता. त्याने आम्हाला आधी लिफ्टने अठराव्या मजल्यावर नेलं, कारण सर घर घ्यायला आले असं त्याने धरलं होतं. सर नमुन्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभे राहून खाडी बघत त्याला खळगे समजावत होते. तो "ओके सर, नोटेड सर" म्हणत होता. खाली उतरताना सर मला म्हणाले, "याला काही कळलं नाही. पण माझं सांगून झालं." वहीत त्यांनी त्याच्या नावापुढे अर्धीच खूण केली.

लोक हसत नसत असं नाही. गाडीवर मागे बसलेले सर मला आरशात दिसत. एखाद्या घरून निघताना मागे हसण्याचा आवाज आला की ते टोपी सारखी करत. पण पुढच्या घरी तेवढ्याच गंभीरपणे डबी उघडत. मी त्या वेळी विचार करायचे की मी कुणाला साधा चुकीचा पत्ता सांगितला असता तर तो माणूस कोपऱ्यावरून वळून जाईपर्यंत गप्प बसले असते.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती. एका वर्षाची, नववीची वही उघडली की त्यांचा अंगठा नेहमी एका नावावर असायचा. वाचताना ते नाव अंगठ्याखाली राहायचं आणि पुढचं वाचलं जायचं. मी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी ओटीवर बसलेले असताना त्यांनी स्वतःच अंगठा काढला.

वनिता. पाचूबंदरची, मासेमारी करणाऱ्या घरातली. तीसेक वर्षांपूर्वी तो दगड वर्गात फिरत फिरत तिच्या बाकावर गेला. सर हवेच्या बोटांबद्दल सांगत होते आणि ती न विचारता उभी राहिली. म्हणाली, सर, हे हवेनं नाय झालं. आमच्या जाळ्यात चिखलाबरोबर जुन्या बाटल्यांच्या काचा येतात, त्यांना असंच झालेलं असतं. हे चिखलानं खाल्लंय.

"मी काय म्हणालो माहीत आहे?" सर म्हणाले. "म्हणालो, चिखलाला दात असतात का गं?"

वर्ग खूप हसला. मुलांनी तिचं नाव 'चिखलदात' ठेवलं. सर म्हणाले की ते नाव त्यांना पुढे अनेकदा ऐकू आलं आणि त्यांनी एकदाही कुणाला थांबवलं नाही. कारण विनोद त्यांचा होता आणि तो चांगला झाला होता. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आली नाही.

"बाकीच्यांना चुकीचं शिकवलं, ते वेगळं," ते म्हणाले. "हिला बरोबर येत होतं. ते मी मोडलं. शाळा माझ्यामुळे सोडली असेल तर मला कळायला हवं."

त्यांचा आवाज बदलला नव्हता. पण ते डबीचं झाकण उघडत होते आणि मिटत होते.

वनिताला शोधायला काहीच लागलं नाही. हार्डवेअरवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "आपली वनिता? वसईच्या बाजारात बसते की. तिथल्या कुणालाही विचारा." शाळेपासून पायी दहा मिनिटांवर. इतकी वर्षं.

सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही गेलो. मासळी बाजाराच्या मधल्या ओट्यावर ती बसली होती. चाळिशी ओलांडलेली, केसांत अबोलीची वेणी, हातात कोयता. समोर सुरमई आणि मांदेलीचा ढीग. तिने मान वर केली आणि लगेच ओळखलं.

"भूगोलाचे सर ना? काय देऊ? मांदेली ताजी हाय."

"वनिता, मी मासे घ्यायला आलो नाही."

"मंग जरा बाजूला व्हा. गिऱ्हाईक हाय."

सर बाजूला झाले. ओल्या फरशीवर, बर्फाच्या खोक्याला टेकून, पंधरा-वीस मिनिटं उभे राहिले. लोक त्यांना धक्के मारून जात होते. मी म्हणाले, आपण नंतर येऊ. त्यांनी मान हलवली. शेवटी तिने हात धुतले आणि त्यांच्याकडे बघितलं. सरांनी डबी उघडून पुढे धरली.

"आजून हाय व्हय हा तुमच्याकडं?" तिने हात लावला नाही.

"तू त्या दिवशी म्हणालीस ते बरोबर होतं," सर म्हणाले. त्यांचा आवाज बाजाराच्या गोंगाटात माझ्यापर्यंतसुद्धा नीट येत नव्हता. "मी तुला हसलो. मला विचारायचं होतं, की शाळा तू..."

"मोठ्यानं बोला," वनिता म्हणाली. "तवा मोठ्यानं बोललावता."

सर एक पाऊल पुढे सरकले.

"शाळा सोडायचीच होती," ती म्हणाली. "आईला बाजारात मदत पायजे होती. त्याचा दोष तुमाला नाय देत. पन अजून दोन वरसं गेली असती. त्या दिसापासून वर्गात तोंड उघडलं नाय मी. हजेरीला सुदा नुसता हात वर करायची. तोंडच उघडायचं नाय, तर शालेत बसून करायचं काय?"

मी दुसरीकडे बघायला लागले. हजेरीला नुसता हात वर करणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सरांनी चपला काढल्या. एका कोळणीच्या रिकाम्या टोपलीशेजारी ओट्यावर जागा होती, तिथे ते हाताने आधार घेत चढले. सत्तरीच्या आसपासचा माणूस, पांढरा शर्ट, हातात चष्म्याची डबी. बाजारात आधी कुणाचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी वर्गातला आवाज काढला. तो मी कधीच ऐकला नव्हता.

"ऐका! माझ्या वर्गात ही वनिता होती. हा दगड बघून ती म्हणाली, हे खळगे चिखलाने केले. मी म्हणालो, हवेने. आणि मी तिला सगळ्यांसमोर हसलो. ती बरोबर होती. मी चूक होतो. जमिनीतलं पाणी काच खातं. ऑस्ट्रेलियातल्या काही तुकड्यांची गोष्ट वेगळी आहे, पण हा तिथला नाही!"

सगळा बाजार हसला. एकजण ओरडली, "वनिते, तुझा सर येडा झाला गो!" दुसरी म्हणाली, "ऑस्ट्रेलियाला काय भाव चाललाय सर?" एका बाईने हसता हसता पदर तोंडाला लावला. सर उतरले नाहीत. हसणं संपेपर्यंत ते तिथेच, अनवाणी, डबी धरून उभे होते. कान लाल झाले होते. मला त्यांना खाली ओढावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी त्यांचा अभिमान वाटत होता, आधी कधी कुणाचा वाटला नव्हता इतका.

वनिता हसली नव्हती.

"या खाली," ती म्हणाली. "घसराल." ते उतरल्यावर तिने पदराला हात पुसले आणि पहिल्यांदा दगड उचलला. उजेडाच्या बाजूला वळली. अंगठा एका खळग्यात घातला, मग चरावरून फिरवला.

"तवा मना आजून एक विचारायचं व्हतं," ती म्हणाली. "ऱ्हायलं."

"विचार."

"चिखल तर सगलीकडून सारखाच लागला आसल. मंग हितं एवढं खोल, आनि हितं, बाजूला, कायच नाय. आसं का?"

याचं उत्तर सरांना माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत होतं, कारण मीच ते त्यांना दोन रविवार वाचून दाखवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"तुला काय वाटतं?" ते म्हणाले.

"मावशी, सुरमई कशी दिली?" कुणी तरी विचारलं.

"थांबा जरा," वनिता म्हणाली. तिने दगड डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. सर वाट बघत होते. पाठीमागे हात बांधून, मान थोडी पुढे करून. शेजारच्या ओट्यावरची बाईसुद्धा कोयता थांबवून बघायला लागली होती.

"काचच सारखी नसल," ती सावकाश म्हणाली. "वितलली, पन एकजीव नाय झाली. जिथं कच्ची ऱ्हायली आसल, जिथं तडा आसल, तिथं पानी आधी शिरलं. तिथं जास्त खाल्लं."

"बरोबर," सर म्हणाले.

मग कुणी सांगितलं नसताना ते बाजाराकडे तोंड करून वळले, आणि तोच शब्द मोठ्याने म्हणाले.